छोटी गाडी चालती राहिली पाहिजे

शिरूरच्या आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या वर्गाला वर्तुळाकार गती शिकवताना मी नेहमी आगगाडीचे उदाहरण देतो. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच का ठेवतात, हा प्रश्न परीक्षेतही विचारला जातो. असेच एकदा शिकवत असताना विषय माथेरानच्या छोट्या गाडीवर गेला. पावसाने उद्ध्वस्त झालेला तिचा मार्ग पुन्हा बांधून ऑक्टोबर २०२२ मध्ये ती नेरळपासून कशी धावू लागली, हे मी रंगून सांगत होतो. तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आपल्या शिरूरला अजून रेल्वे नाही. पुण्याला जायचे तर एसटी, दौंडला जायचे तरी एसटी. मग जिथे रेल्वे नाही तिथे नवे रूळ टाकायचे सोडून जुन्या, हळू चालणाऱ्या गाडीवर पैसा कशाला घालवायचा?"

वर्ग हसला. मी मात्र गडबडलो. "तो आपला वारसा आहे, जपला पाहिजे," असे काहीतरी उत्तर मी दिले. पण ते माझे मलाच पटले नाही. वारसा म्हटले की प्रश्न सुटतो असे नाही. जुनी असलेली प्रत्येक वस्तू जपण्यासारखी नसते. विद्यार्थिमित्रांनो, त्या मुलीला जे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवे होते, ते या लेखात देण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी प्रथम आपल्या शेजारच्या दौंडला जाऊ.

दौंडचे मोठे आणि छोटे रूळ

१८५८ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत पोचला आणि वाटेवरचे दौंड आगगाडीच्या नकाशावर आले. इंग्रज लोक गावाचे नाव 'धोंड' असे लिहीत. १८७८ मध्ये दौंडहून अहमदनगरमार्गे मनमाडला जाणारा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. १८७६ ते १८७८ ही दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षे. त्या काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांना काम मिळाले होते. आज नगरकडे जाताना खिडकीतून जो भराव दिसतो, तो पोटासाठी घर सोडलेल्या माणसांच्या हातांनी घातला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे दोन्ही मार्ग रुंदमापी, म्हणजे ब्रॉडगेज. त्यांच्या दोन रुळांमधले अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १९१४ मध्ये दौंडला तिसरा मार्ग येऊन मिळाला, तो बारामतीचा. सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा हा मार्ग मात्र अरुंदमापी होता. त्याच्या रुळांमधले अंतर अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. माझे आजोबा सांगत, दौंडला मोठी गाडी आणि बारामतीची गाडी जवळजवळ उभ्या राहिल्या, की बैलाशेजारी वासरू उभे आहे असे वाटे.

पुढे बारामतीचा मार्ग रुंदमापी झाला. ती छोटी गाडी आता त्या मार्गावर धावत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या गाड्यांची हीच कथा आहे. पण मुळात हे मार्ग लहान का केले होते? इंग्रजांनी पैसे वाचवले, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पैसे कसे वाचले, हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल.

पाच टनांचा नियम

दोन स्लीपरांवर टेकलेला रूळ म्हणजे एक छोटी तुळई. तिच्यावरून चाक जाते तेव्हा ती किंचित वाकते. किती वाकेल, हे सबंध गाडीच्या वजनावर ठरत नाही. त्या क्षणी तिच्यावर असलेल्या चाकाने किती भार टाकला, यावर ते ठरते. म्हणून रूळमार्गाचा अभियंता गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका आसावर येणाऱ्या भाराची काळजी अधिक करतो.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने या साध्या तत्त्वाचा पुरेपूर उपयोग केला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. त्याने ठरवले की इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये. इंजिन जड हवे ना? मग त्याला आस अधिक द्या. वाघिणीत माल जास्त भरायचा आहे ना? मग तिच्या सांगाड्याचे वजन कमी करा. एवढा नियम पाळला की हलके रूळ पुरतात. कॅल्थ्रॉपचे रूळ मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम वजनाचे होते. आजच्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोग्रॅम वजनाचे रूळ असतात. रूळ हलके, म्हणून पूलही हलके. डबे अरुंद, म्हणून भराव आणि खोदाईही कमी.

या तत्त्वावर बार्शी लाइट रेल्वेचा पहिला भाग १८९७ मध्ये सुरू झाला. मुख्य मार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा तो होता. १९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. वारीच्या दिवसांत या गाडीने किती वारकरी वाहून नेले असतील याची कल्पनाच केलेली बरी. याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड या नावाचा अशाच मापाचा मार्ग बांधला. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि तीस वर्षांत, १९३४ मध्ये, बंद पडला. आपली बार्शीची गाडी शंभर वर्षांहून अधिक चालली. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्रीही तयार केली, हे वाचून तुम्हांला गंमत वाटेल.

छोट्या मापाचा आणखी एक फायदा वळणावर होतो. आगगाडीची दोन चाके आसाला घट्ट बसवलेली असतात. बैलगाडीच्या चाकांसारखी ती वेगवेगळी फिरत नाहीत. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? अर्धवर्तुळाचे वळण घ्या आणि स्वतः गणित करा. फरक येतो पाय गुणिले रुळांमधले अंतर. त्रिज्या कितीही असो, हा फरक तेवढाच. रुंदमापी मार्गावर तो ५ मीटर २६ सेंटिमीटर होतो, बारामतीच्या मापावर २ मीटर ३९ सेंटिमीटर आणि माथेरानच्या ६१० मिलिमीटर मापावर १ मीटर ९२ सेंटिमीटर. फरक जितका कमी, तितके चाकाचे घसरणे कमी. म्हणून छोटी गाडी आखूड त्रिज्येच्या वळणावर निभावून नेते. डोंगर आडवा आला तर बोगदा खणण्याऐवजी ती त्याला वळसा घालून पुढे जाते.

छोट्या गाड्या का गेल्या?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. बारामतीहून निघालेला माल छोट्या वाघिणीतून दौंडला येई. मुंबईला जाण्यासाठी तो उतरवून पुन्हा मोठ्या वाघिणीत भरावा लागे, कारण ७६२ मिलिमीटरवर चालणारी वाघीण १६७६ मिलिमीटरवर चालणार कशी? वाहतुकीचा खर्च अंतरावर अवलंबून असतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो माल किती वेळा हाताळला जातो यावरही अवलंबून असतो. प्रत्येक चढ-उताराला वेळ जातो, मजुरी जाते आणि थोडा माल सांडतो तो वेगळाच. शेतातून माल उचलून थेट मुंबईच्या बाजारात टाकणारा ट्रक आला, तेव्हा छोट्या गाडीचा हा कमकुवतपणा उघडा पडला.

म्हणून मी स्पष्टपणे सांगतो, बारामतीचा मार्ग रुंदमापी केला ते योग्यच झाले. बार्शीचा मार्ग २००१ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्याने रुंद केला, तेही योग्यच झाले. लातूरच्या विद्यार्थ्याला मुंबईला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागू नये, ही त्याची मागणी रास्त होती. जुन्या गाडीच्या प्रेमापोटी कोणत्याही गावाला मागे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. रूळ रुंद करताना छोट्या मार्गाचा एखादा तुकडा चालता ठेवावा, हा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. इंजिन चौथऱ्यावर उभे करतात, त्याला काळा-लाल रंग देतात, भोवती कुंपण घालतात आणि काम झाले असे समजतात. ते इंजिन म्हणजे पेंढा भरलेला वाघ. त्याची लांबी मोजता येते, पण तो धावतो कसा हे कळत नाही.

डोंगरावरचे गणित

चालती ठेवलेली गाडी काय शिकवते, हे पाहायचे तर माथेरानला जावे. नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९०७ मध्ये पूर्ण झाला. मुंबईच्या आदमजी पीरभॉय कुटुंबाने तो स्वतःच्या पैशाने बांधला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हे त्या कामाचे प्रमुख होते. तांत्रिक सल्लागार आपल्या ओळखीचेच, कॅल्थ्रॉपसाहेब. जर्मनीत तयार झालेल्या चार वाफेच्या इंजिनांचे आस पोकळ नळीच्या युक्तीने असे बनवले होते की आखूड वळणावर चाके किंचित सरकून वळत. त्यांतले एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आणि माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर. वाटेतला सर्वांत कठीण चढ २० मीटरला १ मीटर. बैलगाडीला हा चढ काहीच नाही, पण आगगाडीला तो प्रचंड आहे. का ते पाहू.

पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातला घर्षण गुणांक कोरड्या हवेत सुमारे ०.२ धरू. म्हणजे इंजिनाची सगळी चाके फिरवली जात असतील, तर ते आपल्या वजनाच्या एक पंचमांश एवढाच जोर लावू शकते. त्याहून अधिक लावला तर चाके जागच्या जागी फिरतात. सपाटीवर गाडीचा रोध तिच्या वजनाच्या सुमारे ०.००५ पट असतो. तेव्हा सपाटीवर इंजिन स्वतःच्या वजनाच्या चाळीस पट वजनाची गाडी हलवू शकते. २० ला १ च्या चढावर यात गुरुत्वाकर्षणाचा ०.०५ हा वाटा मिळवावा लागतो. एकूण ०.०५५. आता ०.२ ला ०.०५५ ने भागा. उत्तर आले साडेतीनच्या थोडे वर. त्यात इंजिनाचे स्वतःचेही वजन आले. म्हणजे मागे जेमतेम अडीच इंजिनांएवढे डबे. पावसाने रूळ ओले होऊन घर्षण निम्मे झाले, तर इंजिनाला स्वतःइतके वजनही ओढता येणार नाही. चाकाखाली वाळू सोडण्याची सोय कशासाठी असते, हे आता वेगळे सांगायला नको.

वळणाचे गणितही असेच. समजा वळणाची त्रिज्या १८ मीटर आहे आणि डब्याचा गुरुत्वमध्य रुळांपासून १ मीटर उंच आहे. बाहेरचा रूळ उंच केलेला नाही असे धरले, तर ६१० मिलिमीटर मापावर डबा ताशी सुमारे २६ किलोमीटर वेगाला कलंडेल. आकडे घालून पडताळून पाहा. माथेरानची गाडी वळणावर माणसाच्या पळण्याच्या वेगाने का जाते, याचे उत्तर चालकाच्या आळसात नाही, न्यूटनच्या नियमात आहे.

जीर्णोद्धार कसा करावा?

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. अनेकांना वाटले, आता संपले. पण दुरुस्ती होऊन मार्च २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याचे प्रकार घडले आणि ती थांबवण्यात आली. २०१८ च्या आरंभी नेरळहून ती पुन्हा निघाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग तोडला आणि त्यानंतर २०२२ उजाडले.

या काळात झालेल्या एका सुधारणेकडे मी तुमचे लक्ष वेधतो. पूर्वी या गाडीच्या प्रत्येक डब्यावर एक माणूस असे. इंजिनाच्या शिटीचा इशारा ऐकून तो हाताने ब्रेक आवळी. २०१६ नंतर गाडीला हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. काही रसिकांना हे आवडले नसेल. मला मात्र ते फार महत्त्वाचे वाटते. समजा ४० टनांची गाडी ७६० मीटर खाली उतरते आहे. तिची सुमारे ३० कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरली पाहिजे. एवढ्या उष्णतेने एक टन पाणी २७ अंशांवरून जवळजवळ उकळीपर्यंत तापेल. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये आणि घर्षणात जाते. तिथे माणसाच्या मनगटावर सगळा भरवसा ठेवणे धोक्याचे. हवेच्या ब्रेकमध्ये नळीतला दाब कमी झाला की ब्रेक लागतात. म्हणून नळी तुटली, डबा सुटला, तरी गाडी आपोआप थांबते.

जुन्या मार्गाचा जीर्णोद्धार करताना काय जुने ठेवावे आणि काय नवे करावे, याचा नियम मला इथे सापडतो. मार्गाचे माप, त्याची आखणी, वळणे, चढ आणि यंत्राची मूळ रचना जुनी ठेवावी, कारण खरे ज्ञान त्यात आहे. ब्रेक, पाण्याचा निचरा, दरडींपासून संरक्षण या गोष्टी बिनदिक्कत नव्या कराव्यात, कारण तिथे माणसाचा जीव गुंतला आहे. भरावाच्या बाजूला तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत पाणी अडवत नाही, पाझरू देते. पाणी तुंबले नाही की मातीवरचा दाब वाढत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्याला हे साधन मिळते तर त्याने आनंदाने वापरले असते.

शकुंतलेचा प्रश्न

माथेरानचे नशीब चांगले. तिथे पर्यटक आहेत आणि मुंबई जवळ आहे. विदर्भातल्या 'शकुंतले'चे तसे नाही. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशा सुमारे १९० किलोमीटरच्या या ७६२ मिलिमीटर मापाच्या मार्गाची सुरुवात १९०३ मधली. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी तो बांधला गेला. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन तिथे १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, गाडी ओढत होते. स्वातंत्र्यानंतरही या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली, ही आणखी एक नवलाची गोष्ट. गेल्या काही वर्षांपासून तिथे गाडी धावत नाही.

तेथील लोक रुंदमापी मार्ग मागतात. ही गाडी गरिबांची होती. शेतमजुराला आणि बाजाराला निघालेल्या बाईला तिचे तिकीट परवडत असे. त्यांना पुन्हा रेल्वे मिळाली पाहिजे, आणि ती मोठी, वेगवान मिळाली पाहिजे. माझी सूचना एवढीच आहे की हे करताना मूर्तिजापूरजवळचा आठ-दहा किलोमीटरचा तुकडा मूळ मापाचा ठेवावा. त्यावर आठवड्यातून एक-दोन दिवस गाडी चालवावी आणि तिथेच एक छोटी कार्यशाळा असावी. शाळेतल्या मुलांनी तिथे यावे, सांधे कसे बदलतात ते पाहावे, वाफेचा दाब मोजावा.

कार्यशाळेचा आग्रह मी का धरतो? कारण रूळ आणि लोखंड यांच्याआधी माणसांचे कसब नष्ट होते. वाफेच्या इंजिनाचे बाष्पक पुन्हा चालू करण्यापूर्वी त्याची दाबाखाली परीक्षा घेतात, आणि ती पाण्याने घेतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे कुठे भेग असली तर थोडेसे पाणी गळते आणि दाब लगेच उतरतो. तीच परीक्षा वाफेने घेतली तर फटीतून सुटलेली वाफ प्रचंड प्रसरण पावून स्फोट होईल. हे तत्त्व पुस्तकात मिळेल. पण बाष्पकाच्या नळ्यांची टोके किती ठोकायची, क्षारयुक्त पाण्याचा थर कुठे जमतो, आगवाल्याने चढाच्या किती आधी कोळसा टाकायचा, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. ते येणारी पिढी निवृत्त झाली आहे. त्यांच्याकडून कोणी शिकले नाही तर पुढे पैसा असूनही इंजिन चालणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. वेल्समधील टॅलिलिन हा १८६५ सालचा छोटा मार्ग बंद पडण्याच्या बेतात असताना १९५१ मध्ये हौशी स्वयंसेवकांनी चालवायला घेतला, आणि तो आजही चालतो. आपल्याकडेही १८५५ साली तयार झालेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा प्रवाशांसाठी धावू लागले. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे २००५ मध्ये निलगिरी आणि २००८ मध्ये कालका-शिमला मार्गांनाही तो मिळाला. माथेरानचे नाव २००५ पासून संभाव्य यादीत आहे.

कोळशाच्या धुराचे काय, असे कोणी विचारील. आक्षेप बरोबर आहे. वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता जेमतेम काही टक्के असते, आणि रोजच्या वाहतुकीसाठी ते कोणीही सुचवणार नाही. पण वर्षातून ठरावीक दिवस चालणारे इंजिन आणि त्यातून हजारो मुलांना मिळणारा उष्णतागतिकीचा धडा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटत नाही. बाकीचे दिवस डिझेलवर गाडी चालवावी.

त्या मुलीला उत्तर

आता शिरूरच्या त्या मुलीकडे वळतो. मुली, एकच गोष्ट करता येईल अशी वेळ आली, तर शिरूरची रेल्वे आधी आणि जुनी गाडी नंतर, हे मला मान्य आहे. पण दोन्ही कामांत एक फरक आहे. शिरूरला रूळ आज टाकले नाहीत तर दहा वर्षांनी टाकता येतील. उशीर झाल्याचे नुकसान होईल, पण काम होईल. उखडलेला छोटा मार्ग आणि विस्मरणात गेलेले कसब मात्र दहा वर्षांनी परत आणता येत नाही. शिवाय उद्या शिरूरला रेल्वे आलीच, तर तिचा चढ किती असावा, वळणाची त्रिज्या किती घ्यावी, पाण्याला वाट कुठे द्यावी, हे कोणीतरी ठरवावे लागेल. तो अभियंता शिरूरचाच असावा, कदाचित तूच असावीस, असे मला वाटते. त्याचा पहिला धडा ताशी १२ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या, सगळे अवयव उघडे असलेल्या छोट्या गाडीइतका चांगला कुठेच मिळणार नाही. वेगवान गाडीत सगळे काही झाकलेले असते.

तोपर्यंत एक प्रयोग करा. कागदाचे दोन सारखे पेले घ्या आणि त्यांची रुंद तोंडे एकमेकांना चिकटवा. मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी वस्तू तयार होईल. दोन लांब काठ्या समांतर ठेवून एक टोक किंचित उचला, आणि पेल्यांची ही जोडी त्यांवरून सोडा. ती एका बाजूला सरकली तरी स्वतःहून मध्यावर येईल. आता पेल्यांचे तळ एकमेकांना चिकटवून तेच करा. जोडी लगेच घसरून पडेल. आगगाडीच्या चाकाला आतल्या बाजूला जाड आणि बाहेरच्या बाजूला बारीक असा किंचित उतार का दिलेला असतो, हे या प्रयोगातून समजेल.

शिक्षकबंधू-भगिनींनो, सहलीसाठी आपण मुलांना किल्ले आणि धरणे दाखवतो. एकदा दौंडलाही न्या. रुळांवर न उतरता फलाटावरूनच मुलांना सांधे पाहू द्या, बारामतीकडे वळणारा मार्ग पाहू द्या. तिथे कधी काळी वासराएवढी गाडी उभी राहत असे, हेही सांगा. आणि जमेल तेव्हा नेरळला नेऊन प्रत्यक्ष चालणारी गाडी दाखवा. गणिताच्या वह्या सोबत घ्यायला विसरू नका.